डोळे पिवळे दिसायच्या आधी: रस्त्यावर राहणाऱ्यांचं यकृत तपासायचं आणि सांभाळायचं कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सात-आठ जणांचा गट करून तुम्ही दर गुरुवारी रात्री स्टेशनबाहेर आणि पुलाखाली राहणाऱ्यांना तपासता. जखमा बांधता, ताप-खोकल्याच्या गोळ्या देता. गेल्या काही महिन्यांत पोट फुगलेले, पाय सुजलेले, डोळे पिवळे झालेले बरेच जण दिसले. चिठ्ठी देऊन त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवलंत. एक-दोघं सोडले तर कुणी पोचलंच नाही, आणि त्यातला एक जण रक्ताची उलटी होऊन गेला. हा आजार आधी ओळखता येईल का, आणि ज्याला घर नाही, जो रोज पितो, त्याच्यावर उपचार खरंच होऊ शकतात का, असं तुम्ही विचारलंय.

होऊ शकतात. मी फिजिशियन आहे आणि वीसेक वर्षं मुंबईत रस्त्यावर राहणाऱ्या लोकांना तपासत आले आहे. तुमचे बरेचसे रुग्ण चिठ्ठी आणि रुग्णालय यांच्या मधल्या वाटेवर हरवतात. रक्त फूटपाथवरच घेतलं, रिपोर्ट त्याच माणसाला त्याच्या जागेवर शोधून सांगितला आणि औषध त्याच्या दिवसाच्या बेताने बसवलं, तर यातली पुष्कळ माणसं उपचार पुरे करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून पहिल्याच दिवशी गटात एक नियम करा. ‘आधी दारू सोड, मग बघू’ आणि ‘आधी आधार कार्ड आण’ ही दोन वाक्यं कुणीही बोलायची नाहीत.

तुम्ही रात्री जाता, म्हणून आधी उजेडाबद्दल सांगते. रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली कावीळ दिसत नाही. तिथे सगळेच पिवळे दिसतात. पांढऱ्या उजेडाची टॉर्च ठेवा. दुसरं म्हणजे डोळ्याचा उघडा भाग बघून ठरवू नका. उन्हाधुळीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या डोळ्याचा पांढरा भाग एरवीही मळकट, तपकिरी झालेला असतो. वरची पापणी अलगद उचला, त्याला पायांकडे बघायला सांगा. पापणीखाली झाकलेला भाग जे सांगतो ते खरं. तरीही रक्तातलं बिलिरुबिन (कावीळ आणणारं पिवळं द्रव्य) तीनच्या आसपास गेल्याशिवाय डोळ्यांना काही दिसत नाही, आणि सिरॉसिस झालेली, म्हणजे यकृत कायमचं निबर झालेली, कितीतरी माणसं काविळीविना वर्षानुवर्षं हिंडत-फिरत काम करत असतात. डोळा पांढरा आहे म्हणून यकृत बरं आहे, असं समजायचं कारण नाही.

मी आधी कानशिलं बघते. तिथे खळगे पडलेत का, दंड काटकुळे आणि पोट मात्र पुढे असं आहे का. मग तळहात बघते. कडेने लालसर झालेत का, करंगळीजवळची बोटं आत ओढली गेलीत का. छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल शिरा आहेत का, पुरुषांमध्ये छाती वाढून दुखते का. याला दोन मिनिटं पुरतात. बोलता बोलता, चहा पिता पिता होतं.

भंगार वेचणारे एक काका होते. त्यांची तक्रार होती पायातल्या जखमेची. पट्टी बांधता बांधता त्यांचा हात हातात आला तेव्हा तळव्याच्या कडा लाल दिसल्या. मी म्हटलं, “काका, एक सुई टोचू का? थोडं रक्त घेते.”

“घ्या की. रक्तच राहिलंय आता द्यायला. पूर्वी ते विकायचो.”

हे वाक्य विसरण्यासारखं नव्हतं. पैसे घेऊन रक्त देण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ जानेवारी १९९८पासून बंदी आली. त्याआधी कित्येक माणसं रक्त विकून चार दिवस जेवत. आज पन्नाशी-साठीत असलेल्या बेघर माणसाला हा प्रश्न हमखास विचारा. सोबत गोंदण, जत्रेतला टॅटू, रस्त्यावरच्या न्हाव्याचा वस्तरा, आणि अर्थातच सुई. सुईबद्दल विचारताना ‘गर्दुल्ले’ हा शब्द तोंडात येऊ देऊ नका, तो ऐकला की माणूस मिटतो. ‘कधी टोचून घेतलंय का, कुणाबरोबर वाटून घेतलंय का’ असं सरळ विचारलं की सरळ उत्तर मिळतं. सिरिंज स्वतःची असली तरी चमचा, कापूस आणि पाणी एकच असेल तर हेपटायटिस सी त्यातूनही जातो.

आता चाचण्या. बोटाच्या थेंबावर होणाऱ्या तीन किट जागेवरच करा: हेपटायटिस बी, हेपटायटिस सी आणि, समजावून संमती घेऊन, एचआयव्ही. पंधरा-वीस मिनिटांत निकाल मिळतो, तोवर माणूस समोर बसलेला असतो. त्याच बैठकीत शिरेतून रक्त घ्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीओटी आणि एसजीपीटी (यकृताची दोन एन्झाइम), बिलिरुबिन, अल्ब्युमिन (यकृतात तयार होणारं प्रथिन), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), जमल्यास आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते). जवळच्या एखाद्या लॅबशी बोलून ठेवलं तर नमुने त्याच रात्री पोचतात.

यातली सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाची संख्या म्हणजे सीबीसीतल्या प्लेटलेट, रक्त गोठवणाऱ्या पेशी. यकृत निबर झालं की प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट कमी होत जातात. त्यावर बेतलेला फिब-४ नावाचा साधा हिशोब आहे. वयाला एसजीओटीने गुणायचं. दुसरीकडे प्लेटलेटचा आकडा हजारात घेऊन त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचं. काकांचं वय साधारण ४२ (दिसायला साठीचे, पण सांगितलं तेवढंच), एसजीओटी ९६, एसजीपीटी ४९, प्लेटलेट ८४ हजार. म्हणजे (४२ गुणिले ९६) भागिले (८४ गुणिले ७); ७ हे ४९ चं वर्गमूळ. उत्तर ६.९ च्या आसपास. १.३ च्या खाली असेल तर यकृत फार निबर झालेलं असण्याची शक्यता कमी, ३.२५ च्या वर असेल तर तो माणूस माझ्या वहीत लाल शाईने जातो. काकांच्या डोळ्यांत तोवर पिवळेपणाचा लवलेश नव्हता.

या हिशोबाची खोडही सांगते. नुकतीच भरपूर दारू झाली असेल, फिट येऊन गेली असेल किंवा मार बसला असेल तर एसजीओटी तात्पुरता वाढतो आणि आकडा उगाच फुगतो. तिशीच्या आतबाहेरच्या मुलांमध्येही तो फारसा भरवशाचा नाही. शक्य असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. उजव्या बरगड्यांवर प्रोब ठेवून यकृताचा ताठरपणा मोजणारं फायब्रोस्कॅन यंत्र एखाद्या संस्थेकडून दिवसभरासाठी मिळालं तर घ्याच. दुखत नाही, आकडा लगेच कळतो, आणि ‘तुमचा आकडा इतका आला’ हे ऐकल्यावर माणसं स्वतःहून दारूचा विषय काढतात. पण यंत्र नाही म्हणून थांबायची गरज नाही. सीबीसी आणि दोन एन्झाइम यांच्यावर बहुतेक निवड होते.

हेपटायटिस सीची किट पॉझिटिव्ह आली तर ‘तुम्हाला हेपटायटिस आहे’ असं लगेच सांगून मोकळं होऊ नका. किट अँटिबॉडी दाखवते. लागण झालेल्यांपैकी काहींच्या शरीरातून विषाणू आपोआप गेलेला असतो आणि अँटिबॉडी मात्र जन्मभर राहते. म्हणून व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू आत्ता किती आहे त्याची चाचणी, हवा. क्षयरोगासाठी वापरतात त्याच जीनएक्सपर्ट यंत्रावर ही चाचणी होते. गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावरही होते. म्हणजे जिथे टीबीची सोय आहे तिथे याची सोय असू शकते. नीट चौकशी करा.

लोड सापडला तर मात्र खुशाल आनंदाने सांगा, कारण हा आजार बरा होतो. राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला, आणि त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सिरॉसिस नसेल तर सोफोस्बुविर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटास्विर ६० मिलिग्रॅम, दोन्ही दिवसातून एकदा, १२ आठवडे. सिरॉसिस असेल पण पोटात पाणी वगैरे झालेलं नसेल तर सोफोस्बुविर-वेलपाटास्विर. पाणी झालं असेल तर त्यात रिबाविरिन घालतात किंवा मुदत २४ आठवडे करतात, आणि तो निर्णय उपचार केंद्रातल्या डॉक्टरांचा. उपाशीपोटी चालतं, जेवून चालतं, आणि रस्त्यावरच्या माणसासाठी ही मोठीच गोष्ट आहे. शंभरातले ९५ तरी बरे होतात. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा लोड करायचा. तो निघाला नाही म्हणजे विषाणू गेला.

चालू दारू किंवा चालू नशा हे या औषधाला नकार द्यायचं कारण नाही. कुणी ‘हा पितो, गोळ्या वाया जातील’ म्हणालं तर शांतपणे वाद घाला. सुई घेणाऱ्याला औषध दिलं की त्याच्यामुळे होणारी पुढची लागणही थांबते. त्याच्या जोडीला नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) केंद्रांतून मिळणाऱ्या स्वच्छ सिरिंज आणि सुईच्या नशेऐवजी दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी यांच्याशी त्याला जोडून द्या, नाहीतर पुन्हा लागण होते.

दोन गोष्टी मात्र आधी बघाच. एक, टीबीची औषधं चालू आहेत का. रिफाम्पिसिन सोफोस्बुविरचं काम बिघडवतं, तेव्हा टीबी आधी संपवायचा, मग हेपटायटिस. फिटसाठी घेतल्या जाणाऱ्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनचंही तेच, आणि डोक्याला मार लागून फिट येणारी माणसं रस्त्यावर खूप आहेत. दुसरी गोष्ट हेपटायटिस बी. सी जाताना झोपलेला बी जागा होऊ शकतो. किट निगेटिव्ह असेल तर बीची लस त्याच रात्री सुरू करा. ०, १ आणि ६ महिन्यांचा नेहमीचा क्रम रस्त्यावर फार गळतो. ०, ७ आणि २१ दिवस, आणि वर्षाने चौथा डोस, हा क्रम मला जास्त साधलाय. पॉझिटिव्ह असेल तर लोड आणि बाकीच्या चाचण्या बघून टेनोफोविर हे बीचं औषध लागेल का ते ठरतं. ते एकदा सुरू केलं की मनाने बंद करायचं नाही, हे पहिल्या भेटीतच सांगा. गरोदर बाई पॉझिटिव्ह असेल तर तिचा कागद तिच्या पिशवीत आणि तुमच्या वहीत अशा दोन्ही ठिकाणी हवा, कारण बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन) द्यावं लागतं, आणि बाळंतपण कुठे होईल ते कुणालाच माहीत नसतं.

२८ गोळ्यांची बाटली फूटपाथवरच्या माणसाने ठेवायची कुठे? पालिकेची गाडी येते आणि गाठोडं उचलून जाते. झोपेत चोरी होते. पाऊस आहेच. म्हणून बाटली माणसाकडे द्यायचीच नाही. निवारा केंद्राचा केअरटेकर असेल तर त्याच्याकडे, नाहीतर नाक्यावरचा चहावाला. माणसाला विचारून, त्याचा ज्याच्यावर भरवसा असेल त्याच्याकडे. बाटलीवरचं लेबल काढून आम्ही नुसता रंगीत टेप लावतो, म्हणजे आजाराचं नाव चारचौघांत होत नाही. सकाळचा चहा आणि गोळ्या एकत्र. एका चहावाल्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर ८४ दिवस फुल्या मारल्या होत्या. मधे चार-पाच दिवस चुकले तरी बाटली रद्द करू नका, सापडला त्या दिवसापासून पुढे चालू करा आणि उपचार केंद्राला कळवा.

दारूचं म्हणाल तर सगळ्यात जास्त चुका आपल्या बाजूने इथे होतात. ‘पिता का’ विचारलं की ‘कधीतरी’ असंच उत्तर येतं. ‘दिवसाला किती क्वार्टर होतात? सकाळी उठल्यावर हात थरथरतात का? पहिला घोट किती वाजता?’ असं विचारा. १८० मिलीची एक क्वार्टर, ४२.८ टक्के मद्यार्काची धरली तर, साधारण ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. रोज तीसेक ग्रॅमच्या वर गेलं की यकृताचा धोका चढू लागतो. का पितात तेही ऐकून घ्या. झोप लागावी म्हणून, थंडी वाजू नये म्हणून, पाठ दुखते म्हणून. एक बाई मला म्हणाली होती, “मॅडम, शुद्धीत असले की रात्रभर जागं राहावं लागतं.”

जो रोज पितो आणि ज्याचे सकाळी हात थरथरतात, त्याला ‘आजपासून एकदम बंद’ असं कधीही सांगू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन जीव जाऊ शकतो. अशा माणसाची दारू खाटेवर, देखरेखीखाली सोडवायची. यकृत खराब असेल तर त्यासाठी लोराझेपाम बरं, कारण ते क्लोरडायझेपॉक्साइडसारखं अंगात साठत नाही. सलाईनमधून ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यायलाच हवं. खाट मिळेपर्यंत हळूहळू कमी करायला सांगा, थायमिनच्या गोळ्या सुरू करा, पाणी प्यायला सांगा. सोडल्यानंतर ओढ कमी व्हावी म्हणून सिरॉसिसमध्ये बॅक्लोफेन देता येतं, पण मूत्रपिंड बिघडलं असेल किंवा माणूस गुंगीत असेल तर नाही. डायसल्फिरामच्या वाटेला यकृताच्या रुग्णात जाऊ नका. पुरती सुटली नाही तरी दोनाची एक क्वार्टर होणं यकृताला कळतं, आणि ते आकड्यात दिसतं. माणसाला तो आकडा दाखवा.

हातभट्टीबद्दल एकच गोष्ट लक्षात असू द्या. प्यायल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी अंधुक दिसणं, पोटात कळा, धाप, असं एकाच जागेच्या दोघा-तिघांना झालं तर ते मिथेनॉल आहे असं धरून लगेच १०८ बोलवा. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं अशीच गेली.

प्रत्येक कावीळ दारूची नसते, पावसाळ्यात तर नाहीच. २६ जुलै २००५ नंतरच्या आठवड्यांत आम्ही हे चांगलंच शिकलो. साचलेल्या पाण्यातून चालणाऱ्याला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल आणि मग पिवळे, लघवी कमी, असं दिसलं तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा आजार). त्याला त्याच रात्री भरती करावं लागतं. दूषित पाण्याची कावीळही फूटपाथवर पसरते, आणि गरोदर बाईत हेपटायटिस ई जीवघेणा ठरतो. टीबीची औषधं चालू असलेल्याला कावीळ झाली, उलट्या होऊ लागल्या तर त्याच दिवशी औषधं थांबवून टीबी केंद्राला फोन करा. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायरॅझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात.

एक गोष्ट मी प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला तीन-तीनदा सांगते. ‘पिऊन पडलाय’ हे निदान नव्हे. सिरॉसिसच्या माणसाचा मेंदू अमोनियाने गुंगतो तेव्हा तो तसाच दिसतो: बडबडतो, लडखडतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो. हात पुढे करून पंजे मागे वळवायला सांगा. पंजे पंखांसारखे फडफडले तर ते यकृताचं लक्षण. ग्लुकोमीटरने साखर बघा. डोकं चाचपून बघा, कारण प्लेटलेट कमी असलेला माणूस नुसता पडला तरी कवटीच्या आत रक्त साकळतं. काळा डांबरासारखा संडास, ताप, पोटदुखी, बद्धकोष्ठ, नवी झोपेची गोळी, यातलं काही आहे का विचारा. बाजूला झोपणारे सोबती हे सगळं सांगतात. त्यांना विचारलंच जात नाही.

आता औषधं. पुस्तकातली औषधं रस्त्यावर जशीच्या तशी चालत नाहीत. गुंगी टाळायला लॅक्ट्युलोज देतात, दिवसाला दोन-तीनदा मऊ संडास व्हायला हवा असा त्याचा हिशोब. सार्वजनिक शौचालयात प्रत्येक फेरीला पैसे पडतात. रात्री ते बंद असतं. एका आजोबांनी औषध सोडून दिलं म्हणून मी रागावले, तेव्हा ते म्हणाले, “बाई, जेवणाचे पैसे संडासला जातात.” त्या दिवसापासून मी लॅक्ट्युलोज लिहिण्याआधी शौचालयाच्या माणसाशी बोलून महिन्याचे पैसे आगाऊ भरते. आजोबांचा मुख्य डोस पहाटे बसवला, म्हणजे शौचालय उघडायच्या सुमाराला परिणाम होई. रिफॅक्सिमिनची गोळी यापुढचा उपाय आहे, पण महाग. देणगीदार मिळाला तर तिच्यासाठी वापरा.

पोटातल्या पाण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्रुसेमाइड देतानाही हाच विचार करा. सकाळी एकदाच द्या. संध्याकाळी दिलं तर रात्रभर लघवीला उठावं लागतं, बाईमाणसाला अंधारात जावं लागतं. आणि ज्याचं क्रिएटिनिन आठवड्याभरात पुन्हा बघता येणार नाही त्याला मोठा डोस देऊ नका. पोट ताणलं असेल तर भरती करून पाणी काढणं जास्त सुरक्षित. पाच लिटरच्या वर काढलं तर सोबत अल्ब्युमिन द्यावं लागतं. पाणी असलेल्या माणसाला ताप, पोटदुखी किंवा गुंगी आली तर त्या पाण्याची तपासणी त्याच दिवशी हवी, उद्यावर टाकू नका.

अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. तुमचा तो माणूस बहुतेक असाच गेला. लाल शाईच्या यादीतल्या प्रत्येकाची एकदा दुर्बीण (एंडोस्कोपी) व्हायला हवी. ती होईपर्यंत, रक्तदाब ठीक असेल तर, कार्वेडिलॉल कमी मात्रेत सुरू करता येतं. दिवसातून एकदा पुरतं, म्हणून प्रोप्रॅनोलॉलपेक्षा मला ते रस्त्यावर बरं वाटतं. वरचा रक्तदाब ९० च्या खाली आला तर थांबवा.

अंगदुखीच्या गोळ्यांची चौकशी दर भेटीला करा. हमाली करणारा माणूस मेडिकलवाल्याकडून दहा-वीस रुपयांत डायक्लोफेनॅकची पुडी घेतो, आणि सिरॉसिसमध्ये तीच मूत्रपिंड घालवते, रक्तस्राव करते. त्याऐवजी पॅरासिटामॉल, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत. ‘यकृत खराब, मग पॅरासिटामॉल नको’ असं म्हणून डायक्लोफेनॅक लिहून देणारे डॉक्टरही मी पाहिलेत.

काविळीची माळ गळ्यात दिसेल, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवून आणलेली असेल. माळ राहू द्या. ती घालणाऱ्याने या माणसाची काळजी केलेली असते. पोटात घ्यायची झाडपाल्याची औषधं तेवढी थांबवायला सांगा. आणि पथ्याचं खूळ काढा. तेल बंद, डाळ बंद, नुसता उसाचा रस, यामुळे आधीच झिजलेले स्नायू आणखी झिजतात. सिरॉसिसच्या माणसाला नेहमीपेक्षा जास्त प्रथिनं लागतात, किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला ६० ते ७५. अंडी, डाळ, दूध, फुटाणे, शेंगदाणे. आणि झोपण्याआधी काहीतरी खायलाच हवं, रात्रभराचा उपास त्याच्या अंगाला झेपत नाही. आम्ही रात्री निघताना मूठभर फुटाणे-शेंगदाण्यांची पुडी देतो, बिनमिठाची, कारण पाणी झालेल्याला मीठ चालत नाही. वडापाव आणि फरसाणातलं मीठ टाळणं त्याच्या हातात नसतं. मंदिर, गुरुद्वारा, दर्गा इथल्या जेवणाच्या वेळा माहीत करून घ्या आणि तिकडे वळवा.

भरतीची वेळ आली की माणूस अडतो. काकांना मी दाखल व्हा म्हटलं तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, तिथं पहिलं विचारतात, बरोबर कोण आहे. कोण आहे माझ्याबरोबर?” खरं आहे. रक्त आणायला, सोनोग्राफीला ढकलत न्यायला, सही करायला ‘नातेवाईक’ लागतो, आणि तो नसला की केसपेपरवर ‘बेवारस’ लिहिलं जातं. म्हणून चिठ्ठी देऊन पाठवू नका, बरोबर जा. तुमच्यातल्या एकाने पहिले दोन दिवस तिथे राहायचं, वॉर्डातल्या मावशी आणि मामांशी ओळख करून घ्यायची, केसपेपरवर आपला फोन लिहायचा. निवारा केंद्राच्या लेटरहेडवरचं पत्र सोबत असलं की पत्त्याचा प्रश्न बऱ्याचदा सुटतो. सर्वोच्च न्यायालयाने शहरांत लाख वस्तीमागे किमान एक, २४ तास चालणारा निवारा असावा असं सांगितलेलं आहे. तुमच्या भागात तो नसेल तर ही मागणी लावून धरा, कारण डिस्चार्जनंतरचे पहिले दोन आठवडे फूटपाथवर काढायला लागले तर केलेलं सगळं वाया जातं. मोठी पांढरी गाडी घेऊन मात्र जाऊ नका. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली उचलणाऱ्या गाडीची धास्ती जुन्या लोकांच्या मनात अजून आहे.

काका नऊ दिवस दाखल होते. अन्ननलिकेतल्या शिरांना बँड लावले, जखम भरली. हेपटायटिस सीचा लोड निघाला होता, त्याच्या गोळ्या निवाऱ्यातून पुऱ्या केल्या, आणि १२ आठवड्यांनी लोड निघाला नाही. दारू दोन वेळा सुटली, दोन वेळा परत लागली, तिसऱ्यांदा आतापर्यंत टिकली आहे. विषाणू गेला तरी सिरॉसिस राहतोच, म्हणून यकृतात कर्करोगाची गाठ होत नाही ना ते बघायला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतो. तारीख ते विसरतात, मी विसरत नाही.

सगळे असे सुधारणार नाहीत. काहीजण तुम्हाला भेटतील तेव्हाच उशीर झालेला असेल, आणि यकृत प्रत्यारोपणाच्या यादीपर्यंत यांच्यातलं सहसा कुणी पोचत नाही. त्यांच्यासाठीही काम असतं. पाणी वेळोवेळी काढणं, खाज कमी करणं, वेदनेवर जपून, कमी मात्रेत औषध देणं, निवाऱ्यात पंख्याजवळची खाट मिळवून देणं. आणि शुद्ध आहे तोवर विचारून ठेवणं, कुणाला कळवायचं का. बरेचजण आधी नाही म्हणतात. म्हणून आम्ही पहिल्याच भेटीत, नाव लिहितानाच, सहज विचारतो, “गाव कोणतं?” तालुका-जिल्ह्यासकट वहीत लिहितो. त्या वहीमुळे आतापर्यंत काही भाऊ-बहिणी वेळेत पोचल्या आहेत. येत्या गुरुवारी जाल तेव्हा पांढरी टॉर्च, तीन किट, रक्ताच्या नळ्या आणि बिनमिठाच्या शेंगदाण्यांबरोबर अशी एक वही घ्या, जाड पुठ्ठ्याची, पावसात टिकेल अशी.